रास्पबेरी पाय 4 ला एमपेग-2 ची लायसन्स की लागत नाही

रेकॉर्ड केलेले टीव्ही कार्यक्रम रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर पाहायचे तर एमपेग-2 (व्हिडिओ साठवण्याचा एक प्रकार) ची लायसन्स की, म्हणजे परवान्याचा कोड, विकत घ्यावीच लागते, असं सांगितलं जातंय. हे खरं नाही. कृपया पैसे घालवू नका. ती की 2012 मध्ये आली आणि पाय 3 पर्यंतच्या बोर्डांसाठीच आहे. तीही एकेका बोर्डाच्या सिरीयल नंबरला बांधलेली. पाय 4 मध्ये एमपेग-2 चं हार्डवेअर कायमचं बंद आहे, की घेऊनही ते चालू होत नाही; ते काम प्रोसेसर करतो, आणि आरामात करतो.

मग चित्र अडखळतं का? बहुतेकदा वायफायमुळे. आधी लॅनची केबल लावून बघा. आणि धावणाऱ्या खेळाडूच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसत असतील, तर ते इंटरलेसिंग, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीने दाखवणं: व्हिडिओ प्लेअरमध्ये ते घालवणारं डीइंटरलेस चालू करा.