सर्दी झालेल्या नर्सला घरी राहता येतं का?

इथे, परदेशात, मी लहान मुलांच्या बोनमॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांट वॉर्डात नर्स आहे. माझी जुनी मैत्रीण मायदेशी तेच काम करते. फोनवर बोलताना तिकडचा वाद निघतोच: खोल्यांना हवा गाळणारे हेपा फिल्टर आहेत का, आणि नातेवाइकांना आत सोडायचं का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मला मात्र तिसराच टोचतो. घसा खवखवणाऱ्या नर्सला, सफाईच्या मावशींना पगार न कापता त्या दिवशी घरी राहता येतं का?

हेपा फिल्टर बुरशीचे बीजाणू अडवतो, आणि या मुलांसाठी ते फार मोलाचं आहे. पण आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा हे सर्दी-खोकल्याचे विषाणू बहुतेकदा माणसाबरोबर दारातूनच येतात. खोकल्यातून, हातावरून, पलंगाच्या कठड्यावरून. केमोनं मुलाची मॅरो रिकामी झालेली असते. नव्या पेशी रुजून रक्तपेशींचा काउंट वर यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, विषाणूंशी लढणाऱ्या टी पेशी सावरायला कित्येक महिने. आपल्याला चार शिंकांवर सोडणारा विषाणू त्या काळात मुलाच्या फुप्फुसात उतरू शकतो, आणि त्यावर हमखास औषध बहुतेकदा नसतं. वर असं मूल आठवडेच्या आठवडे विषाणू बाहेर टाकत राहतं, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या मुलालाही धोका.

गेल्या हिवाळ्यात माझी एक सहकारी ड्युटीवर येताच हात धुता धुता थांबली. "घसा जरा धरलाय," एवढंच म्हणाली. ताप नाही, खोकला नाही. इन्चार्जनं तिला तिथूनच घरी पाठवलं. तिच्याकडची दोन मुलं आम्ही वाटून घेतली. रात्र जड गेली, पण तिची रजा भरपगारी होती, म्हणून तर तिला खरं बोलता आलं.

सगळीकडे असंच चालतं असं नाही. याआधीच्या माझ्या नोकरीत, याच देशात, कंत्राटी सफाई कामगार खोकत यायची. खाडा झाला की पैसे बुडायचे. मास्कआड ती खोकला दाबायची आणि मी ते पाहत असायचे. तेव्हा बोलले नाही, याची मला आजही खंत आहे.

नातेवाइकांबद्दल मी कडक आहे, पण आईला किंवा बाबांना बाहेर काढू नये. नीट शिकवलं तर त्यांच्याइतकं जपणारं कुणी नसतं. एक आई अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत साबण चोळायची, जेल लावून भागवायची नाही. नोरो आणि ॲडेनो हे विषाणू जेलमधल्या अल्कोहोलला सहजी दाद देत नाहीत, हे तिला एकदाच सांगावं लागलं होतं.

मैत्रीण परवा म्हणाली, "अगं, एक जण घरी राहिली तर तिच्या जागी उभं कोण राहणार?" तिचं खरं आहे. म्हणूनच नव्या वॉर्डाच्या खर्चात फिल्टरच्या ओळीखाली जादा नर्सचा पगार आणि कंत्राटी मावशींची आजारपणाची रजा मांडलेली मला बघायची आहे. तिकडेही, इथेही.