अस्थिर आवृत्तीचं बारसं कसं करावं

कोड लिहून झाला, अधूनमधून चालतोही. आता खरं काम उरलं: नाव ठेवण्याचं. नाव असं शोधा की आवृत्ती चालली तर श्रेय तुमचं आणि कोसळली तर चूक वापरणाऱ्याची.

सगळ्यात सुरक्षित जागा शून्याची. सेमव्हर या आवृत्त्यांना क्रमांक देण्याच्या पद्धतीच्या नियमात पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही, कधीही बदलायची मुभा आहे. तेव्हा १.० ची घाई कशाला? विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ साली सुरू झालं, त्याचं १.० यायला २००८ उजाडलं. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल २०१० पर्यंत ०.९ वरच मुक्कामाला होतं आणि तोवर जगभरचे सर्व्हर बिनबोभाट त्याच्यावर विसंबून होते.

शून्य सोडावंच लागलं तर अंतिम आवृत्तीआधीच्या पायऱ्या अल्फा, बीटा, आरसी (रिलीज कँडिडेट) आहेतच. अल्फात सोयींची भर पडत असते, बीटात फक्त बग काढायचे, आणि आरसीत गंभीर काही सापडलं नाही तर तीच अंतिम आवृत्ती, असा एक जुना समज आहे. काही हौशी मंडळी तो पाळतातही. पायथॉनवाले पहिल्या बीटानंतर नवी सोय घेत नाहीत. लिनक्स कर्नलची मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल स्वीकारायची मुदत, दोन आठवड्यांनी बंद होते, मग साधारण दर रविवारी एक आरसी, आरसी७ किंवा आरसी८ पर्यंत, आणि त्यात फक्त दुरुस्त्या. तुम्हाला एवढा वेळ कुठला? तुम्ही आरसी३ मध्ये डेटाबेसचा स्कीमा (माहितीची मांडणी) बदला. मायग्रेशन (हे स्थलांतर) उलटं फिरवायची स्क्रिप्ट मात्र लिहू नका. परतीची वाट दिसली की लोक परत जातात.

बीटावर तळ ठोकायचा असेल तर सर्व्हरांवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या इन्ग्रेसकडून (बाहेरच्या विनंत्या आत नेणाऱ्या भागाकडून) शिका. २०१५ ते २०२० तो बीटाच होता आणि लोक तो राजरोस प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या कामात) वापरत होते. १.२२ मध्ये जुने बीटा एपीआय (प्रोग्रामांनी वापरायचे जोड) काढून टाकले, तेव्हा जुन्या यामल (सेटिंगच्या) फायली क्लस्टर (सर्व्हरांचा गट) घेईना. कोणाला बोलायची सोय नव्हती, बीटा असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

खरी गंमत विरामचिन्हांत आहे. सेमव्हरमध्ये 'बीटा.२' नंतर 'बीटा.११' येतो, कारण टिंबानंतरचा आकडा आकडा म्हणून मोजला जातो. टिंब गाळा: आता तुलना अक्षरागणिक होते आणि 'बीटा११' हा 'बीटा२' पेक्षा जुना ठरतो. डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या पॅकेजला '२.०आरसी१' असं नाव द्या. तिथे पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीच्या हिशोबात ते २.० पेक्षा नवीन, म्हणजे आरसी घेतलेल्यांना अंतिम आवृत्तीचा अपग्रेड कधी मिळणारच नाही. मधे '~' टाकला की हे सगळं सुरळीत होतं, म्हणून तो टाकू नका. जावास्क्रिप्टची पॅकेजं वाटणाऱ्या एनपीएमच्या जुन्या आवृत्तीवर टॅग (खूणचिठ्ठी) न देता बीटा प्रकाशित केलीत तर तिलाच 'लेटेस्ट' हा टॅग लागतो. परीक्षक शोधत फिरायला नको, साधं इन्स्टॉल करणारा प्रत्येक जण आपोआप परीक्षक.

टोपणनावंही उपयोगी पडतात. डेबियनच्या अस्थिर शाखेचं नाव कायमचं 'सिड', ॲनिमेशनपटातल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं. तिथे अस्थिर म्हणजे पॅकेजं सतत बदलतात एवढंच, रोज कोसळतं असं नव्हे. पण हा खुलासा कोणी वाचत नाही. उलटा डाव फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दिसतो: 'स्टेबल' ही चक्क विकासाची शाखा. तिथल्या एपीआय-एबीआयला (प्रोग्रामांशी जुळणाऱ्या जोडांना) स्थैर्याचं वचन असतं, तुमच्या सर्व्हरला नाही. त्याच्यासाठी 'रिलीज' वेगळी. आणि आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट हे पाठ झालंच असेल, तर डेबियनच्या बग-यादीत आरसी म्हणजे रिलीज-क्रिटिकल, प्रकाशन अडवणारा बग.

एवढं करूनही तक्रार आलीच, तर पहिला प्रश्न ठेवणीतला: 'मेन शाखेवर (ताज्या कोडवर) तपासलंत का?' तक्रारदार बिचारा, कंपायलर बसवून, लायब्रऱ्या जमवून मेनवरून बिल्ड करून येईल आणि बग तिथेही आहे म्हणेल. मग शांतपणे लिहा, 'मेन अस्थिर असते, ती वापरू नये,' आणि तक्रार बंद करा.