गरिबांसाठी शाश्वत घरे: इच्छुकांना काही सूचना

मुंबईतील गरिबांसाठी शाश्वत घरे उभारण्याचा संकल्प आपण केला असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. या कामात गरिबांकडून पैसे घ्यावे लागत नाहीत, फक्त त्यांच्या पायाखालची जमीन घ्यावी लागते.

घराच्या आकाराची चिंता आपण करू नये. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत (झोपडीवासीयांना फुकट घर, आणि त्याच जमिनीवर बिल्डरला विकायला वेगळी घरे) ते आधी 225 चौरस फूट होते, मग 269 झाले आणि आता 300 आहे. हे चढते आकडे भाषणात वारंवार सांगावेत, म्हणजे इमारतींमधील अंतराकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि खरे कौशल्य तर त्या अंतरातच आहे. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर जागा आहे. एवढ्या जागेतून समोरच्या घरातली फोडणी येते, ऊन मात्र येत नाही. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, आणि वरून कचरा पडतो म्हणून खिडकीही बंदच ठेवावी लागते. तेथील पुनर्वसन वसाहतींच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंधाऱ्या, कोंदट खालच्या मजल्यांवर क्षयरोग अधिक आढळला. पण अशा अभ्यासांनी खचून न जाता आपण गच्चीवर सौर पॅनेल बसवावे आणि त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे. (छायाचित्रासाठी ऊन तिथे भरपूर असते.)

लिफ्ट चावीवाटपाच्या दिवशी चालू असली म्हणजे पुरे. पुढे धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी देखभालीची वर्गणी थकवली, तर ‘फुकटच्या घराची किंमत नसते’ हे वाक्य तयार ठेवावे. त्याच भूखंडावरील विक्रीच्या मनोऱ्यासाठी मात्र वाऱ्याची दिशा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी.

एवढे करूनही शहरात जागा उरलीच नाही, तर चेंबूरजवळचे माहुल आहेच. तेथील प्रदूषित हवेपासून आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच म्हटले होते. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील कुटुंबांना तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन वसवण्यात आले, याला दूरदृष्टी म्हणतात. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने आणखी कोणाला तिथे पाठवण्यास मनाई केली, त्याने नाउमेद होऊ नये. रिकामी राहिलेली घरे पुढे महापालिकेने स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. तिथली हवा ठाऊक असलेल्या कर्मचाऱ्यांचे फारसे अर्ज आले नाहीत, तर आपणही महापालिकेप्रमाणेच मुदत वाढवून द्यावी.