गुकेशने शाळा सोडली म्हणून तुमच्या पोराची सोडवू नका

"चौथीनंतर शाळा सोडली, घरी कॉम्प्युटरवर शिकला, समोरच्याच्या एका चुकीवर 18व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला अन् 11 कोटी मिळाले, मग तुमची पोरं शाळेत कशाला?" बुद्धिबळपटू गुकेशच्या फोटोसकट हा मेसेज सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. मी जुळे सोलापुरात संध्याकाळी पोरांना बुद्धिबळ शिकवतो. परवा एक वडील मोबाईल पुढं करून विचारत होते, सर, सहावीतनं काढू का याला? पोरगं शेजारीच उभं, खाली मान घालून. म्हणून लिहितोय.

शाळेचं आधी. चौथीनंतर तो रोज वर्गात जात नव्हता हे खरंय, पण नाव चेन्नईच्या वेलम्मल शाळेत होतं आणि ती शाळा पाठीशी उभी होती. त्याच्या आधी 2015 ला त्याने 9 वर्षांखालची आशियाई शालेय स्पर्धा मारली होती, म्हणजे पोराने आधी करून दाखवलं, मग घरच्यांनी ठरवलं. वडील कान-नाक-घशाचे सर्जन, त्यांनी प्रॅक्टिस बाजूला ठेवून पोराबरोबर देशोदेशी फिरायचं पत्करलं, घर आईच्या पगारावर चाललं, आणि मधे पैसे संपले तेव्हा आईवडिलांच्या मित्रांनी खर्च उचलला. मेसेजमधे यातलं काय आहे सांगा? आणि विश्वनाथन आनंदला विसरलात का, पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन, तो लोयोला कॉलेजातनं कॉमर्स शिकलाय की.

कॉम्प्युटरचं तर उलटंच आहे. कोच विष्णू प्रसन्नाने रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, 2500 च्या घरात जाईपर्यंत त्याला इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, वापरू दिला नाही, सगळं स्वतःच्या डोक्याने मोजायला लावलं. जानेवारी 2019 ला 12 वर्षं 7 महिन्यांचा असताना तो ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातला सगळ्यात वरचा किताब मिळवणारा, झाला तो असा.

आता ती "एक चूक". सिंगापूरला 2024 मधे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या लढतीत चीनच्या डिंग लिरेनशी पहिलाच डाव गुकेश पांढऱ्या सोंगट्या घेऊन हरला होता, तिथनं 13 डावांनंतर दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. शेवटचा डाव मी क्लासमधे पटावर मांडला होता. गुकेश काळ्याकडनं, एक प्यादं जास्त, पण डाव बरोबरीचा, दुसरा कोणी हात मिळवून उठला असता, हा खेळवतच राहिला, डिंगकडे वेळ थोडा उरलेला. 55व्या चालीला डिंगने हत्ती पटावरच्या एफ-2 या घरात आणला. मी पोरांना म्हटलं, शोधा. पाच-सहा मिनिटं कोणी बोलेना, मग चौथीतली एक पोरगी म्हणाली, सर, त्यांचा उंट कोपऱ्यात आहे. बरोबर! हत्ती मारामारीत गेले की काळा उंट डी-5 ला, मग कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागा नाही, उंटही जातात आणि उरलेल्या प्याद्यांच्या डावात काळा जिंकतो. चूक डिंगची, पण तिथपर्यंत त्याला कोणी बसवून ठेवलं?

पैशाचं एवढंच की जिंकलेल्या प्रत्येक डावाला 2 लाख डॉलर आणि बक्षिसातले उरलेले दोघांना निम्मे-निम्मे असा हिशेब होता, त्यामुळे हरलेल्या डिंगलाही साडेअकरा लाख डॉलर मिळाले. एका चालीचे 11 कोटी नव्हते ते.

त्या वडिलांना सांगितलं, शाळेतच राहू द्या, शनिवार-रविवार स्पर्धा खेळवू, वर्षभराने रेटिंग बघून परत बोलू. पोरगं लगेच पटाकडे पळालं.