हा खण तुझा

आज मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आमच्या कॉलेजात यंदा सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं मानधनावर, एक नवीन मॅडम आल्यात. सेट ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षा झालेली, पीएचडी चालू आहे. डबा घेऊन आत आली, खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसली. लगेच कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ती सरांची जागा आहे." ती उठली. शेजारच्या खुर्चीकडे वळली, तर "तिथं मॅडम बसतात." चार खुर्च्या रिकाम्या होत्या, मी मोजल्या. पोरगी बाहेर गेली आणि व्हरांड्यात नोटीस बोर्डाखाली उभ्यानं पोळीभाजी खाल्ली. समोरून तिचेच विद्यार्थी ये-जा करत होते.

ज्या सरांची ती जागा, ते सोमवारपासून रजेवर आहेत.

मी २०११ ला लागले तेव्हा मीही सीएचबीच होते, एका तालुक्याच्या कॉलेजात. जुलैचा पाऊस. पर्स, कॅटलॉग म्हणजे हजेरीची वही, पुस्तकं, ओली छत्री, सगळं दिवसभर हातात. दोन तासांच्या मध्ये कुठं टेकायचं कळायचं नाही म्हणून लायब्ररीत पेपर चाळत बसायचे. आठवड्यानं वनस्पतिशास्त्राच्या एका बाईंनी मला हाक मारली. त्यांच्या लोखंडी कपाटातला खालचा खण त्यांनी रिकामा केला होता. जुन्या जर्नल्सचे गठ्ठे बाहेर, आत पेपर अंथरलेला. जुडग्यातून नखानं एक किल्ली सोडवली आणि म्हणाल्या, "हा खण तुझा. छत्री मात्र बाहेर वाळत घाल." त्या दिवशी मी पहिल्यांदा रिकाम्या हातानं वर्गात गेले. तास कसा झाला ते आठवत नाही, हात मोकळे होते एवढं पक्कं आठवतं.

कायम झाल्यावर चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्सही केला. आता नव्या प्राध्यापकांसाठी गुरु-दक्षता नावाचं प्रशिक्षण आहे. चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण सकाळच्या एसटीनं येणारी अर्धी मुलं दहा मिनिटं उशिरा पोचतात, त्यांची हजेरी शेवटी घ्यायची, हे तिथं कोण सांगणार? बिलाचा फॉर्म कोणत्या टेबलावर द्यायचा, कॅटलॉगवर सही राहिली तर तास कापला जातो, हे कोण सांगणार? मला बाईंनी सांगितलं, डबा खाता खाता. त्यासाठी आधी डबा खायला शेजारी बसू द्यावं लागतं!

"आम्हीही असंच सोसलंय" हे वाक्य आज पुन्हा ऐकलं. संताप येतो मला या वाक्याचा. सोसलंत ना? मग तुम्हाला माहीत आहे कसं वाटतं. आपल्यात सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो. तिला आठवड्याला फार तर नऊ तास, घेतलेल्या तासाचेच पैसे, सुट्टी लागली की तेही बंद, आणि बिल निघायला महिनोन् महिने. ते आपल्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे. खुर्ची तर आपल्या हातात आहे ना!

हो, कामं वाढलीत. कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली, नव्या शैक्षणिक धोरणाची क्रेडिटं, वर्षभर परीक्षा. मान वर करायला फुरसत नसते, कबूल. पण "ती सरांची जागा आहे" म्हणायला फुरसत मिळते.

बाईंनी ना माझी नेमणूक विचारली होती, ना मी पुढच्या वर्षी असेन की नाही ते. माझं नाव विचारलं होतं आणि तास कधी असतात ते. आमच्या स्टाफरूममध्ये या मुलीला सगळे "त्या सीएचबीच्या मॅडम" म्हणतात.

एवढं लिहिलं आणि आता थांबून खरं ते लिहिते. मीही तिथंच बसले होते. तोंडात घास होता. खुर्च्या मोजल्या, बोलले नाही. "बस गं इथं" एवढे तीन शब्द. नंतर तीनच्या तासाला शिकवताना सारखी ती नोटीस बोर्डाखालची पोरगी दिसत राहिली.

घरी आल्यावर विभागाच्या ग्रुपवरून तिचा नंबर काढला. माझ्या कपाटात खालच्या खणात २०१६ पासूनच्या प्रोजेक्टच्या फायली नुसत्या पडून आहेत. तिला लिहिलं, "उद्या पहिल्या तासाच्या आधी भेट, खण रिकामा करते, किल्ली घेऊन जा."

लगेच उत्तर आलं. "थँक यू मॅम. पण बुधवारी माझे तास नसतात. गुरुवारी आले तर चालेल का?"

दोन महिने झाले तिला येऊन. तिचे तास कधी असतात ते मी आज पहिल्यांदा ऐकलं.