प्रतिष्ठान काढणाऱ्यास हिताच्या गोष्टी

आपल्या घरात कोणी निवडून आलेले असेल, किंवा पुढच्या खेपेच्या तिकिटाची बोलणी शेवटच्या टप्प्यात असतील, आणि तरीही आपण अद्याप धर्मादाय प्रतिष्ठान काढलेले नसेल, तर हितचिंतकांनी आपली काळजी करावी अशीच ही परिस्थिती आहे. आमदारकीची मुदत पाच वर्षांत संपते, महामंडळाचे अध्यक्षपद सरकार बदलले की जाते. विश्वस्तपद मात्र तहहयात असते आणि मागाहून मुलाकडे किंवा सुनेकडे अलगद जाते. शिवाय पक्षाला पैसे देताना माणूस दहादा विचार करतो. अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला देताना तो करीत नाही, मग त्या वसतिगृहाच्या कार्यकारिणीवर तीच मंडळी का असेनात.

बडोद्यात दानधर्माचा विषय निघाला की पहिले नाव सयाजीरावांचे निघते. उद्‍घाटनाच्या भाषणापुरते ते अवश्य घ्यावे, अनुकरण मात्र करू नये. १९१३ साली तरुण आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. रक्कम किती, मुदत किती, कशासाठी, आणि देणाऱ्याची अपेक्षा काय, हे सगळे पांढऱ्यावर काळे! (१९१७ साली तो करार पाळायला आलेल्या माणसाला या शहरात धड राहायला जागा मिळाली नाही, करारात तसे कलम नव्हते, एवढेच स्पष्टीकरण आपण आज देऊ शकतो.) आधुनिक देणगीत रक्कम पावतीवर लिहितात, हेतू अहवालात छापतात आणि अपेक्षा तेवढी जेवताना बोलून घेतात. आपण ही आधुनिक पद्धत धरावी.

प्रतिष्ठानाला नाव द्यावे ते स्वर्गवासी व्यक्तीचे, शक्यतो आजीचे. आजीच्या नावाने चाललेल्या संस्थेचा हिशेब मागणाऱ्या माणसाला सभेत दोन वाक्येसुद्धा पुरी करता येत नाहीत. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि तो भाग सोपा आहे. अवघड भाग पुढे येतो, कारण परदेशी पैसा घ्यायचा तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली गृह मंत्रालयाची वेगळी नोंदणी लागते, जिला सगळे एफसीआरए म्हणतात. मूळ कायदा १९७६ सालचा, म्हणजे आणीबाणीतला. सध्याचा २०१० सालचा. त्याचे तिसरे कलम आपण देवघरात लावून ठेवावे. निवडणुकीचा उमेदवार, आमदार-खासदार, न्यायाधीश, सरकारी नोकर, वर्तमानपत्राचा संपादक, राजकीय पक्ष आणि त्याचे पदाधिकारी यांना परदेशी पैसा घेण्यास तेथे मनाई आहे. यादी लांबलचक आहे, पण तिच्यात पत्नीचा उल्लेख नाही, जावयाचा नाही आणि मेहुण्याचा तर नाहीच. कायदा करणाऱ्यांनी ही जागा आपल्यासारख्यांसाठी मोकळी सोडली असे मी म्हणत नाही. आपल्या घरात मेहुणे आहेत का, एवढेच मी विचारतो.

आता देणगीदार. बडोद्यात परदेशी देणगी म्हटले की डोळ्यांसमोर शेख किंवा गोरा साहेब येत नाही, न्यू जर्सीचे काका येतात. ते डिसेंबरात येतात, रावपुऱ्यात कोपऱ्यावर उभे राहून सेव-उसळ खातात, दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याची तक्रार करतात आणि जाण्याआधी आजीच्या नावाने काहीतरी देऊन जातात. कायद्याच्या दृष्टीने या काकांचे रूप मोठे विलक्षण आहे. त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले असतील, तर ते काका परदेशी नव्हेत. त्यांची देणगी आपल्या शेजाऱ्याच्या देणगीइतकीच देशी. ज्या दिवशी त्यांनी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या दिवसापासून त्याच काकांचा तोच पैसा परदेशी झाला, आणि त्यांनी दांडिया बाजारातल्या बँकेतून रुपयांत दिला तरी तो परदेशीच राहिला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले म्हणून यात काही फरक पडत नाही. म्हणजे पावती फाडण्यापूर्वी काकांना पासपोर्ट मागायला हवा, आणि भारतीय पासपोर्टही निळा, अमेरिकनही निळा, तेव्हा लांबून पाहून भागण्यासारखे नाही. प्रामाणिक संस्थेचा चिटणीस येथे कसनुसा होऊन पासपोर्टची झेरॉक्स मागतो आणि काका दुखावून जातात. आपण शाल आणि श्रीफळ पुढे करावे. नागरिकत्वाची चौकशी कधी झालीच, तर आम्ही त्यांना आपलेच समजत आलो, असे सद्‍गदित स्वरात सांगता येते.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि तिने मागील तीन वर्षांत समाजकार्यावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. त्यानंतर खाते काढायचे ते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत, संसद मार्गावर. आपण सयाजीगंजात बसा नाही तर छोटा उदेपूरच्या पाड्यावर. परदेशातून येणारा पैसा २०२०च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा त्या एकाच शाखेत उतरतो. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली, ज्याने पुष्कळ संस्था हवालदिल झाल्या. त्यांनी नियम नीट वाचले नव्हते. कचेरीत टेबलामागे बसलेल्या पुतण्याचा पगार प्रशासकीय खर्चात धरतात. प्रशिक्षण देणाऱ्या किंवा वस्तीत जाऊन माहिती गोळा करणाऱ्या पुतण्याचा धरीत नाहीत. तेव्हा पुतण्याला टेबलामागून उठवावे, त्याच्या हाती एक तक्ता आणि छडी द्यावी, आठवड्यातून एकदा छायाचित्र काढावे, आणि त्याला पुन्हा बसू द्यावे.

या दुरुस्तीतील एका गोष्टीचे मात्र आपण दुःख करू नये, कारण तिची झळ आपल्याला लागणार नाही. पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशी निधीतला काही भाग दुसऱ्या, लहान नोंदणीकृत संस्थेला देऊ शकत असे. आता तो मार्ग पूर्ण बंद आहे. आदिवासी पट्ट्यात कुपोषित मुलांचे वजन करीत हिंडणाऱ्या बाईंना जर्मनीच्या दात्याशी इंग्रजीत पत्रव्यवहार करता येत नाही, दिल्लीच्या शाखेत फोन लागत नाही, आणि एफसी-४ नावाचे वार्षिक विवरण एकतीस डिसेंबरपर्यंत भरून देणारा सीए त्यांना परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्त्या वैध ठरवल्या, कारण परदेशी देणगी मिळणे हा कोणाचा हक्क नव्हे. तत्त्व म्हणून ते खरेच आहे. ज्यांना हक्काची गरज पडत नाही अशांनी ते विशेष आदराने उद्‍धृत करावे.

देणगी येऊन गेल्यावर तिच्याविषयी कुजबुज सुरू झाली तर काय करावे, याचे शिक्षण मात्र परदेशातूनच घ्यावे लागते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने २००९ साली गद्दाफीपुत्र सैफ याच्या प्रतिष्ठानाकडून पंधरा लाख पौंडांची देणगी स्वीकारण्याचे ठरवले. सैफने त्याच्या आदल्याच वर्षी तेथून पीएचडी मिळवली होती. त्यांची मोठी चूक म्हणजे विषयाचा जाणकार घरात ठेवला. मध्यपूर्वेचे अभ्यासक फ्रेड हॅलिडे यांनी लेखी विरोध नोंदवला आणि तो कागद फायलीत राहिला. २०११ साली लिबियात उठाव झाला, संचालकांना राजीनामा द्यावा लागला आणि जुना कागद सगळ्यांना आठवला. आपल्या विश्वस्त मंडळावर निवृत्त प्राध्यापक घ्यायचाच असेल, तर संगीताचा किंवा वनस्पतिशास्त्राचा घ्यावा.

क्लिंटन प्रतिष्ठानाने याहून बरी रीत दाखवली. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री होणार म्हणून परदेशी सरकारांच्या नव्या देणग्या आधी तपासून घेण्याचे लेखी बंधन २००८ साली घातले गेले. २०१० मध्ये अल्जीरियाच्या सरकारने पाच लाख डॉलर दिले, ज्यांची पूर्वतपासणी झालीच नाही. पण ते हैतीच्या भूकंपग्रस्तांसाठी होते. प्रतिष्ठानाने ही गोष्ट मान्य केली ती २०१५ साली. भूकंपाच्या पैशाला कोण हटकणार? आपल्याकडे भूकंप रोज होत नाहीत, पण विश्वामित्री नदी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी घराघरांत शिरले आणि मागोमाग मगरी आल्या, त्या आठवड्यात पाण्याच्या बाटल्या कोणाच्या पैशाने आल्या हे विचारण्याचे त्राण कोणाच्या अंगात होते? देणगीचे खाते नेहमी पुराच्या शीर्षाखाली उघडावे, आणि पूर ओसरल्यावर बंद करण्याची घाई करू नये.

राजघराण्याची रीत आणखी निराळी. आज राजे असलेले चार्ल्स युवराज असताना, २०११ ते २०१५ या काळात, कतारचे माजी पंतप्रधान शेख हमद यांनी त्यांच्या हाती एकूण तीस लाख युरो रोख दिल्याचे २०२२ साली उघड झाले. त्यातली काही रक्कम फोर्टनम अँड मेसन या उंची किराणा दुकानाच्या पिशव्यांतून आली होती. सगळी रक्कम धर्मादाय निधीत जमा झाली होती, आणि ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाला चौकशीची गरज वाटली नाही. हे वाचून आपण लिलो चिवड्याच्या पिशवीकडे आशेने पाहू नये. रोख दोन हजारांच्या वर गेली की आपल्या देणगीदाराला आयकरात सूट मिळत नाही, आणि निनावी देणगी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की आपल्यालाच तीस टक्के कर बसतो. तेथे युवराज होते.

घरच्या उदाहरणांत सर्वांत वंदनीय उदाहरण दोन्ही मोठ्या राष्ट्रीय पक्षांनी मिळून घालून दिले आहे. लंडनच्या मूळ कंपनीच्या मालकीच्या वेदांत समूहातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही परदेशी देणग्यांचा कायदा मोडला, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला आणि कारवाईला सहा महिन्यांची मुदत घातली. लहान संस्था असती तर खाते गोठले असते. येथे २०१६च्या वित्त विधेयकातून परदेशी स्रोताची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून मागे जाऊन. मग लक्षात आले की वादातल्या देणग्या त्याआधीच्या, म्हणजे जुन्या कायद्याखालच्या. तेव्हा २०१८च्या वित्त विधेयकातून तीच दुरुस्ती ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू केली गेली, आणि लोकसभेत त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या तारखेपासून निर्दोष होणे याला म्हणतात व्यवस्थापन! एरवी सभागृहात एकमेकांची तोंडे न पाहणाऱ्या मंडळींचे या एका बाबतीत किती जुळते, हे पाहून राष्ट्रीय ऐक्याविषयीची माझी चिंता पुष्कळ कमी झाली आहे.

पण सगळेच नशीबवान नसतात. राजीव गांधी प्रतिष्ठानाला चीनच्या दूतावासाने दिलेली देणगी २००५-०६च्या वार्षिक अहवालात छापलेली होती आणि पंधरा वर्षे कोणाला दिसली नाही. ती दिसली २०२० साली, गलवाननंतर, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांची एफसीआरए नोंदणी रद्द झाली. देणगी तीच, अहवाल तोच, सत्ता तेवढी दुसऱ्याची. उलट मार्च २०२० मध्ये स्थापन झालेल्या पीएम केअर्स निधीला एफसीआरएमधून सूट मिळाली. परदेशी देणग्या तो घेऊ शकतो, पंतप्रधान पदसिद्ध अध्यक्ष असतात, संकेतस्थळावर राजमुद्रा असते, आणि माहिती मागितली की न्यायालयात सांगतात की हा सरकारी निधी नव्हे, सार्वजनिक न्यास आहे. हे नवीन आहे असे समजण्याचे कारण नाही. १९४८ सालच्या पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीच्या समितीवर काँग्रेस अध्यक्षांना मुळातच खुर्ची राखलेली होती. आपण कोणत्या बाजूचे आहात हे मी विचारणार नाही. ज्या वर्षी देणगी घ्याल त्या वर्षी आपण कोणत्या बाजूचे असाल, याचा विचार आपणच करावा.

राहता राहिली कार्यकारिणीची सभा. ती अलकापुरीत एखाद्याच्या दिवाणखान्यात भरवावी, चहा आणि खारी द्यावी, आणि संशयास्पद देणगीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात, आभारप्रदर्शनाच्या लगेच आधी घ्यावा, म्हणजे लोकांचे एक पाऊल चपलेत असते. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते’ असे लिहावे. कोणी तरुण विश्वस्त, बहुधा परदेशात शिकून आलेला, देणारा हा कोण आणि त्याला काय हवे आहे असे विचारू लागला, तर त्याच्या अध्यक्षतेखाली तिथल्या तिथे एक उपसमिती नेमावी आणि तिला सभा बोलावण्याचा अधिकार देऊ नये.

देणगीदाराच्या नावाचा फलक लावावाच लागेल, कारण त्यासाठीच तो आलेला असतो. त्याची मागणी संगमरवरात कोरण्याची असेल. आपण विनयाने पितळेची पाटी सुचवावी, ती चार स्क्रूंवर बसवून घ्यावी, आणि स्क्रू-ड्रायव्हर सीएच्या ताब्यात ठेवावा.