ठाण्याला चिलखती गाडी नको, बीटवर माणूस द्या

"प्रत्येक पोलीस ठाण्याला चिलखती गाडी, प्रत्येक शिपायाला एके-४७" असा एक लांबलचक मेसेज गेले काही आठवडे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. कापसाच्या भावाचा ग्रुप, गावकीचा ग्रुप, एकही सुटला नाही. मी वाचून सोडून दिला होता. परवा तो घरच्या ग्रुपवर आला, आणि टाकणारा माझा भाचा. पोरगा पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो, मेहनती आहे. खाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, ग्रामसभेत हा ठराव घ्याच." मी नाही म्हटलं, तर त्याचा सवाल, "म्हणजे तुम्ही पोलिसायच्या विरोधात हाय का?" हे ऐकून मात्र गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. गडचिरोलीतला नक्षलवाद भूसुरुंगरोधक गाड्या आणि जड शस्त्रांनी मोडला. अमेरिकेत लहान गावच्या पोलिसांकडंही लष्करी गाड्या आहेत, म्हणून तिथं गुन्हेगार दबकून असतात. आपल्याकडचे रेतीमाफिया, दंगली, रास्ता रोको यांनाही तोच इलाज. जिल्हा नियोजनाचा पैसा त्यासाठी द्यावा, ग्रामसभांनी तसे ठराव पाठवावेत. आणि विरोध करील तो पोलिसांचा शत्रू.

गडचिरोलीपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त खोटं तिथंच आहे. मेसेजमध्ये १ मे २०१९ च्या जांभूळखेड्याच्या स्फोटाचा फोटो लावला आहे. कुरखेडा तालुक्यातल्या त्या स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. जवान खासगी गाडीतून निघाले होते हे खरं. जिथं रस्त्यात सुरुंग पेरले जातात तिथं जवानांना साध्या गाडीत बसवून पाठवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण पत्रा जाड असता तर सगळे वाचले असते, हे कोणी सांगितलं? ३ सप्टेंबर २००५ ला छत्तीसगडात विजापूर भागातल्या पदेडाजवळ नक्षल्यांनी भूसुरुंगरोधक गाडीच उडवली. २४ जवान गेले. १३ मार्च २०१८ ला सुकमातल्या किस्टारमला पुन्हा तेच, सीआरपीएफचे ९ जवान गेले. गाडीचं चिलखत वाढलं तशी नक्षल्यांनी सुरुंगातली स्फोटकं वाढवली. म्हणून तर सुरुंगाच्या इलाक्यात गाडी सोडून पायी चला, आधी रस्ता तपासा, ही शिस्त दलांनी जीव गमावून शिकली.

गडचिरोलीत फरक पडला तो सी-६० या पोलिसांच्या खास नक्षलविरोधी पथकामुळं. १९९० साली हे पथक उभं राहिलं. त्यात जिल्ह्यातलीच पोरं घेतली, बरीचशी आदिवासी, गोंडी-माडिया बोलणारी, जंगलातली पायवाट अंधारात ओळखणारी. नोव्हेंबर २०२१ ची मर्दिनटोल्याची चकमक, जिच्यात नक्षल्यांचा बडा नेता मिलिंद तेलतुंबडेसह किमान २६ नक्षली मारले गेले, ती जंगलात पायी शिरलेल्या जवानांनी लढली. त्याच्या जोडीला वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे अशा आडगावांत नवी पोलीस मदत केंद्रं बसली. "दादालोरा खिडकी" नावानं त्याच केंद्रांतून लोकांना जातीचे दाखले, आधार, योजनांचे अर्ज मिळू लागले. ज्या गावात पोलीस दिसला की माणसं जंगलात पळायची, तिथली बाई आता कागद घेऊन पोलिसाकडं जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. बंदूक लागली, कोण नाही म्हणतं? पण बंदुकीमागं माणूस स्थानिक होता आणि ठाणं गावाच्या जवळ गेलं, हे मेसेजवाल्यानं गाळलं. आणि गाळलं तेच नेमकं आमच्या तालुक्याला हवं आहे.

शिवाय आमच्याकडं भूसुरुंग नाहीत, हेही सांगावं लागावं? आमच्याकडं आहे ती काळी माती. जुलै-ऑगस्टात पांदणीतून रिकामी बंडी निघत नाही, बैल गुडघ्यापर्यंत रुततो, चाकाला लागलेला चिखल पऱ्हाटीच्या काडीनं खरवडून काढावा लागतो. नाल्यावरचे रपटे दरवर्षी कुठंतरी खचतात. दहा टनांच्या आसपासची ती गाडी वावराकडच्या वस्तीवर जाणार कशी? ती ठाण्याच्या आवारात उभी राहील आणि दर महिन्याला डिझेल, टायर, बॅटरी मागेल.

आता अमेरिका. तिथं सैन्याचं जादा सामान पोलिसांना देण्याची योजना १९९७ पासून चालू आहे, इराक-अफगाणिस्तानातल्या गाड्याही तशाच लहान शहरांपर्यंत पोचल्या. इथवर मेसेज बरोबर आहे. पण त्यानं गुन्हे कमी झाले का? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जोनाथन मुम्मोलो यांचा २०१८ चा अभ्यास याच प्रश्नावर आहे आणि तो मिळवून वाचण्याजोगा आहे. मेरीलँड राज्यात लष्करी पद्धतीच्या पोलीस पथकांची प्रत्येक कारवाई नोंदवण्याची काही वर्षं कायद्यानं सक्ती होती. ती सगळी नोंद त्यांनी तपासली, देशभरातल्या सुमारे ९,००० पोलीस यंत्रणांची माहिती तिला जोडली. निष्कर्ष असा: अशा पथकांमुळं गुन्हे घटले नाहीत, पोलिसांना होणाऱ्या इजाही घटल्या नाहीत. ही पथकं काळ्या लोकांच्या वस्त्यांत जास्त पाठवली गेली, गुन्ह्यांचं प्रमाण हिशेबात धरूनही. आणि लष्करी वेशातल्या पोलिसांचे फोटो लोकांना दाखवले, तेव्हा पोलिसांवर पैसा खर्च करायला लोकांचा पाठिंबा कमी झाला.

२०१७ साली दोन अभ्यासांनी उलटं म्हटलं होतं, हेही सांगतो. मेसेजमधलं "गुन्हे घटले" बहुधा तिथूनच आलं असावं. पण २०२० मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेव्हियर'मध्ये दोन शोधनिबंध आले. आधीच्या आकडेवारीत खोट होती आणि सुधारलेल्या आकडेवारीत तो परिणाम दिसत नाही, असं त्यांत दाखवलं आहे.

"शाळेवर हल्ला झाला तर काय कराल" असंही मेसेजमध्ये आहे. २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या युवाल्डी गावात शाळेवर खरोखर हल्ला झाला. तिथं ३७६ पोलीस आणि इतर दलांचे जवान जमले होते. रायफली होत्या, गोळी अडवणाऱ्या ढाली होत्या. वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. १९ लेकरं आणि २ शिक्षिका मेल्या. कमी पडली ती हुकूम द्यायची जबाबदारी आणि हिंमत, आणि ती कोणत्याही निधीतून विकत मिळत नाही.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो पुढच्या वाक्याचा: "रास्ता रोको करणाऱ्यांना गाडी पाहूनच घाम फुटेल." हे वाक्य कापसाच्या भावाच्या ग्रुपवर फिरतं आहे, आणि अंगठे देणारे कास्तकार आहेत! रास्ता रोको कोण करतं आपल्याकडं? सोयाबीन हमीभावाखाली गेलं की आपणच बसतो रस्त्यावर. ती गाडी आली तर तिचं तोंड आपल्याच बाया-माणसांकडं असेल.

विदर्भातल्या माणसानं तरी २३ नोव्हेंबर १९९४ विसरू नये. नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होतं. गोवारी समाज आदिवासी म्हणून सवलती मागायला विधानभवनाकडं निघाला होता. गुरं राखणारी माणसं, सोबत लेकरं, हातात निवेदन. अडवलं, लाठीमार झाला, पळायला जागा नव्हती, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. बहुतेक बाया आणि मुलं. त्या दिवशी पोलिसांकडं शस्त्रं कमी नव्हती. निवेदन घ्यायला पुढं येणारा जबाबदार माणूस नव्हता. गर्दीसमोर जड यंत्र उभं केलं की गर्दी मागं रेटली जाते, आणि मागं नेहमी कोणीतरी म्हातारं, कोणीतरी कडेवरचं लेकरू असतं.

याच्या उलट ऑक्टोबर २०२५ आठवा. बच्चू कडूंसोबत हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या वेशीवर बसले, हैदराबादकडचा महामार्ग अडला. लोकांचे हाल झाले, उच्च न्यायालयानं रस्ता मोकळा करायला सांगितलं. तो तिढा मंत्री आंदोलनात जाऊन बोलल्यानं आणि मुंबईतल्या बैठकीनं सुटला. कर्जमाफीच्या निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख घेऊन लोक उठले. गोळी नाही, चेंगराचेंगरी नाही.

एके-४७ चं थोडक्यात. रात्री दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या ठाण्यात जड शस्त्रं ठेवली तर ती सांभाळणार कोण? ओडिशातल्या नयागढला फेब्रुवारी २००८ मध्ये नक्षल्यांनी पोलिसांच्या शस्त्रागारातून हजारावर शस्त्रं नेली. मणिपुरात २०२३ साली जमावांनी ठाणी आणि शस्त्रागारं फोडून हजारो शस्त्रं पळवली, आणि त्याच शस्त्रांनी पुढं माणसं मारली गेली. शिवाय या रायफलीची गोळी एका माणसाशी थांबत नाही. आठवडी बाजारात ती कोणी चालवायची आणि कोणाकडं?

रेतीमाफियांबद्दल मेसेजला थोडं श्रेय देतो. पथकाच्या अंगावर टिप्पर घालण्याचे प्रकार होतात, आणि काठी घेऊन नदीपात्रात उतरणाऱ्या तलाठी-शिपायाला हेल्मेट, जॅकेट, सोबत पुरेसा फोर्स मिळालाच पाहिजे. पण धाडीची खबर घाटावर आधी पोचते, हे नदीकाठचं प्रत्येक गाव जाणतं. खबर फोडणारा सापडेपर्यंत चिलखत कामाचं नाही.

खेड्यातल्या माणसाला पोलीस कशाला लागतो, ते बघा. चुलतभावाच्या विहिरीवरची मोटर गेली. चोरांनी केबल कापून तांबं काढून नेलं, वरचं प्लास्टिक धुऱ्यावर टाकून गेले. तो ठाण्यात गेला तर "मोटरची पावती आणा", पावती नेली तर "साहेब बंदोबस्तात आहेत". बीट म्हणजे एका जमादाराला वाटून दिलेली गावं, पण आमच्या बीट जमादाराकडं ती इतकी की आमच्या गावात तो पोळ्याला आणि निवडणुकीला दिसतो. गुन्हा शेवटी नोंदवला, पण वावरात येऊन जागा कोणी पाहिली नाही. दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी बाई ११२ लावते, तेव्हा गाडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला असते. या तक्रारींत रणगाडा कुठं बसतो?

आणि याची किंमत मोटरच्या चोरीपुरती नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावानं मारलं. त्याआधी झालेल्या एका मारहाणीत मायलेकींनी साक्ष दिली होती, आरोपी जामिनावर सुटून आले होते. धोका समोर दिसत होता, पोलीस वेळेत पोचले नाहीत, पुढं तपासात आणि शवविच्छेदनातही हयगय झाली, पोलीस निलंबित झाले. तिथं एक जागरूक जमादार आणि दोन शिपाई वेळेवर गेले असते तर पुरे होतं.

राहिला "पोलिसांचा शत्रू". बंदोबस्तात बारा-चौदा तास उभा राहणारा शिपाई, गळक्या क्वार्टरात राहणारं त्याचं कुटुंब, सुट्टी नाकारली म्हणून पोराच्या वाढदिवसाला न पोचणारा जमादार, यांच्यासाठी त्या मेसेजात एक ओळ नाही. त्यांना चांगलं जॅकेट, नीट हेल्मेट, चालू स्थितीतली जीप, सोबतीला माणूस द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्यानं सक्तीचं होणार आहे. त्या व्हॅनला, त्या तज्ज्ञांना पैसा लागेल, तो द्या.

ग्रामसभेत ठराव घ्यायचाच असेल तर आधी माहिती अधिकारात ठाण्याला चार गोष्टी विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातली बीटवर प्रत्यक्ष किती, आणि चालू गाड्या किती. उत्तर हातात आलं की रिकामी पदं भरण्याचा आणि बाजाराच्या गावी पोलीस चौकी सुरू करण्याचा ठराव लिहा, आणि त्याची एक प्रत पालकमंत्र्यांना, एक पोलीस अधीक्षकांना पाठवा.